पाचशे ओहमचा रोधक : प्रकाशोत्सर्जक डायोडच्या रोधनिवडीचा ऐतिहासिक विचार

विद्युत्‌शास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात एक साधे उदाहरण विद्यार्थ्यांस हटकून घातले जाते. १२ व्होल्टच्या घटमालेवर एक तांबडा प्रकाशोत्सर्जक डायोड, म्हणजे व्यवहारातील एलईडी दिवा, लावावयाचा आहे. पेटलेल्या डायोडवरील विभवांतर २ व्होल्ट असून त्यातून २० मिलिअँपिअर प्रवाह जाणे इष्ट आहे. तर त्याच्याशी एकसरीत किती ओहमचा रोधक जोडावा? बारांतून दोन वजा करावेत, उरलेल्या १० व्होल्टांस ०.०२ अँपिअरने भागावे, म्हणजे उत्तर ५०० ओहम येते. उत्तर निर्दोष आहे. परंतु तोच विद्यार्थी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या दुकानात ५०० ओहमचा साधा कार्बनी रोधक मागू लागला, तर दुकानदार त्याच्यापुढे ४७०, ५१० किंवा ५६० ओहमचा रोधक ठेवतो. पाचशे ही एवढी सरळ आणि वाटोळी संख्या. तीच नेमकी मालिकेत असू नये, आणि सत्तेचाळीस व छप्पन्न यांसारखे ओबडधोबड अंक मात्र असावेत, याचे त्या विद्यार्थ्यास आश्चर्य वाटते.

या आश्चर्याचे निरसन गणिताने होत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते. वरील उदाहरणातील तीन राशींची, म्हणजे रोधाची संकल्पना, डायोडवरील विभवांतर आणि रोधकावर छापलेला अंक यांची, घडण तीन निरनिराळ्या परंपरांत झाली आहे. पहिली परंपरा प्रयोगशाळेतील, दुसरी दीपविद्येतील व स्फटिकांच्या अभ्यासातील, आणि तिसरी कारखानदारांच्या बैठकींतील. या तीन परंपरा ज्या ठिकाणी मिळतात ते ठिकाण म्हणजे दिव्याच्या पायाशी जोडलेला तो क्षुद्र रोधक होय. दिव्यांच्या शोधाचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या या सोबत्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही उणीव अंशतः भरून काढण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रोध : संकल्पना आणि एकक

गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मनीतील कोलोन येथील एका शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्याने १८२५–२६ मध्ये तारांच्या विद्युत्‌संवहनाविषयी प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रारंभी त्याने व्होल्टाच्या पद्धतीचे घट वापरले. पण त्यांचे विभवांतर स्थिर राहत नसल्याने पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ व तांबे यांच्या संधींतून मिळणाऱ्या तापविद्युतेचा आश्रय केला. या स्थिर साधनामुळेच त्यास एक अत्यंत साधा संबंध हाती लागला. प्रवाहाचे बल हे एका अंशाला दोन राशींच्या बेरजेने भागल्यास मिळते. त्या दोन राशींपैकी एक परिक्षिणाधीन तारेच्या लांबीची, तर दुसरी उरलेल्या संपूर्ण मंडलाची निदर्शक, असा तो संबंध होता. म्हणजे ओहमच्या मूळ सूत्रात एकटी तार नव्हती, सबंध मंडल होते. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ओहमच्या ग्रंथाचे त्याच्या मायदेशी फारसे स्वागत झाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यास कॉप्ली पदक दिल्यानंतर त्याची कीर्ती स्थिरावली. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन याने इंग्रज वाचकांस ओहमच्या विचारांची महती पटवून दिली व त्याच निबंधात रोध कमीजास्त करता येईल अशा उपकरणाचे, म्हणजे ऱ्हिओस्टॅटचे, वर्णन केले. रोध हा तारेचा केवळ एक दोष न राहता हेतुपुरस्सर मंडलात घालावयाची वस्तू बनला, तो या काळात. तारायंत्राच्या प्रसाराबरोबर रोधाचे सर्वमान्य माप असण्याची निकड भासू लागली. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली, आणि १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने ‘ओहम’ या एककास मान्यता दिली. अशा रीतीने आपल्या उदाहरणातील भागाकार करण्याची सोय झाली. परंतु भागाकारापूर्वी बारांतून दोन वजा का करावयाचे, याचे उत्तर ओहमच्या नियमात नाही. किंबहुना जो दिवा आपण लावीत आहो तो ओहमचा नियम पाळीतच नाही.

२. आवर न घालता येणारा दिवा

स्वतःच्या प्रवाहास स्वतः आवर घालू न शकणारा दिवा ही काही एलईडीबरोबर उद्भवलेली अडचण नव्हे. विजेचा पहिला प्रखर दिवा जो प्रज्योत-दीप, त्याच्या ठायी हीच अडचण अधिक तीव्र स्वरूपात होती. दोन कार्बनकांड्यांमधील प्रज्योतीतून प्रवाह वाढू लागला की तिच्यावरील विभवांतर वाढण्याऐवजी घटते. अशी प्रज्योत स्थिर विभवांतराच्या तारांना सरळ जोडली, तर प्रवाह थोडा वाढताच तो आणखी वाढण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते, आणि शेवटी तार तरी वितळते किंवा दीप तरी विझतो.

हर्था एअर्टन या विदुषीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रज्योतीचे जे पद्धतशीर मापन केले ते या विषयातील पायाभूत कार्य होय. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिने दाखवून दिले की, कार्बनकांड्यांमधील अंतर कायम असता प्रज्योतीवरील विभवांतराचा एक भाग स्थिर असतो व दुसरा भाग प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रज्योतीशी एकसरीत पुरेसा रोध घातल्याखेरीज ती स्थिर राहू शकत नाही, हा व्यवहारातील नियम या मापनामुळे सुस्पष्ट झाला. इंग्रजीत या रोधास ‘बॅलास्ट’ असे नाव पडले. गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जे नीरम भरतात त्याचाच हा शब्द आहे, आणि तो अन्वर्थक आहे. कारण नीरम गलबतास पुढे नेत नाही, परंतु त्यावाचून गलबत उभे राहत नाही.

नीरमाची किंमत मात्र मोजावी लागे. उघड्या कार्बनी प्रज्योतीस सुमारे ४५ ते ५० व्होल्ट पुरत. वीजपुरवठा बहुधा ११० व्होल्टांचा असे. एकच दीप लावला तर निम्म्याहून अधिक ऊर्जा रोधात उष्णतारूपाने नष्ट होई. म्हणून दोन दीप एकसरीत जोडून उरलेल्या थोड्या व्होल्टांपुरताच रोध ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण शंभर वर्षांनंतर ती पुन्हा आपल्या भेटीस यावयाची आहे.

टंगस्टनच्या तंतूचे दिवे घरोघर आले तेव्हा सामान्य माणसास या नीरमाचा विसर पडला. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड स्थितीतील रोधाच्या दहापटीहूनही अधिक होतो. त्यामुळे तो दिवा आपणच आपला पहारेकरी असतो. १९३८ पासून बाजारात आलेल्या प्रस्फुरक नलिकांनी मात्र जुनी अडचण पुन्हा आणली. ‘ट्यूबलाइट’च्या पट्टीत बसविलेला ‘चोक’ हे त्याच नीरमाचे दुसरे रूप होय. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी रोधाऐवजी वेटोळे वापरल्याने ऊर्जेचा अपव्यय कमी होतो, एवढाच त्यात भेद.

३. स्फटिकातील प्रकाश आणि दोन व्होल्टांचा उगम

आता वजाबाकीतील त्या दोन व्होल्टांकडे वळू. मार्कोनी कंपनीतील हेन्री जोसेफ राउंड हा बिनतारी संदेशाच्या ग्रहणासाठी स्फटिकांचे निरीक्षण करीत असता, कार्बोरंडमच्या स्फटिकावर दोन ठिकाणी सुमारे १० व्होल्ट लावले असता पिवळसर प्रकाश दिसतो असे त्यास आढळले. त्याने ही वार्ता १९०७ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन नियतकालिकास लहानशा पत्राने कळविली. पत्राचा कोणावर फारसा परिणाम झाला नाही. पुढे रशियात निझनी नोव्हगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव्ह याने स्वतंत्रपणे हाच आविष्कार पाहिला व १९२७ पासून त्याविषयी निबंध प्रसिद्ध केले. हा प्रकाश तापलेल्या पदार्थाचा नसून त्याचा संबंध क्वांटम सिद्धान्ताशी आहे, प्रकाशविद्युत् परिणामाची ही उलट क्रिया आहे, हे त्याने ओळखले होते. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ मध्ये उपासमारीने त्याचा अंत झाला.

लोसेव्हच्या अंदाजास भक्कम आधार मिळाला तो अर्धसंवाहकांचा सिद्धान्त सिद्ध झाल्यावर. १९४९ मध्ये विल्यम शॉक्ली याने पी-एन संधीचे गणित मांडले. त्यानुसार संधीतून जाणारा प्रवाह विभवांतराच्या प्रमाणात न वाढता घातांकी रीतीने वाढतो. आदर्श संधीवरील विभवांतर सामान्य तापमानास सुमारे ६० मिलिव्होल्टांनी वाढविले की प्रवाह दसपट होतो. म्हणूनच पेटलेल्या डायोडवरील विभवांतर जवळजवळ स्थिर भासते आणि ते पुरवठ्यातून सरळ वजा करता येते. हे लक्षात न घेता डायोडचा ‘रोध’ काढण्याचा खटाटोप विद्यार्थी करतात, तेव्हा ते नियम चुकीच्या ठिकाणी लावीत असतात. ओहमचा नियम येथे फक्त रोधकास लागू आहे. डायोडचा वाटा वजाबाकीने आधीच चुकता केलेला असतो.

ही स्थिर राशी किती, हे पदार्थावर व म्हणून रंगावर अवलंबून असते. प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टांत हवी असेल तर १२४० या संख्येस नॅनोमीटरांतील तरंगलांबीने भागावे. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशास सुमारे १.९, तर ४५५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशास सुमारे २.७ असे उत्तर येते. डायोडवरील विभवांतर याच मर्यादेच्या आसपास असते. तांबड्यासाठी सुमारे २ व निळ्यासाठी सुमारे ३ व्होल्ट. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोनियाक याने गॅलियम आर्सेनाइड-फॉस्फाइडाचा तांबडा दिवा सिद्ध केला. १९६८ मध्ये मॉन्सँटो कंपनीने अशा दिव्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन आरंभिले. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड याने पिवळा दिवा दिला. तेजस्वी निळा दिवा जपानमध्ये शुजी नाकामुरा याने १९९३ मध्ये सिद्ध करीपर्यंत वजाबाकीत ‘दोन’ हा अंक जवळजवळ गृहीतच होता. निळ्या दिव्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप देऊन पांढरा दिवा निघाला आणि गृहीत अंक ‘तीन’ झाला. निळ्या दिव्याच्या या कार्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डायोडची वर्तणूक प्रज्योतीसारखी अधोगामी नाही; विभवांतर वाढले की प्रवाह वाढतोच. परंतु ती चढण इतकी उभी आहे की व्यवहारात परिणाम फारसा वेगळा होत नाही. शिवाय संधी तापली की दर अंशास सुमारे २ मिलिव्होल्ट इतके विभवांतर घटते. म्हणजे स्थिर पुरवठ्यावर सरळ जोडलेला डायोड तापतो, तापल्याने अधिक प्रवाह घेतो, आणि त्याने अधिक तापतो. येथेही नीरम हवेच.

४. सत्तेचाळीस आणि छप्पन्न

राहिला तो अंक. तांत्रिक वस्तूंची मापे मनमानी नसावीत, ती भूमितीय श्रेढीत असावीत, ही कल्पना शार्ल रनार या फ्रेंच लष्करी अभियंत्याची. १८७० नंतरच्या दशकात बद्ध बलूनांच्या दोरखंडांचे असंख्य प्रकार पाहून त्याने दहाच्या मूळांवर आधारलेल्या मोजक्या मापांची योजना केली. दहाचे दशममूळ गुणोत्तर म्हणून घेतले तर १०० ते १००० या टप्प्यात १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४००, ५००, ६३० आणि ८०० अशी दहा मापे मिळतात. या मालिकेत ५०० आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

रोधकांच्या बाबतीत ही मालिका का स्वीकारली गेली नाही? अमेरिकेत रेडिओ उत्पादकांचा संघ १९२४ मध्ये स्थापन झाला होता. त्याने १९३६ मध्ये रोधकांसाठी अधिमान्य मूल्यांची जी पद्धत स्वीकारली तिची उभारणी रोधकांच्या सह्य विचलनावर होती. कार्बनी रोधक नेमक्या मूल्याचे बनविणे त्या काळी कठीण असे. छापील मूल्याच्या दहा टक्के इकडेतिकडे असणे सामान्य मानले जाई. मग दोन लगतची मूल्ये इतपतच दूर असावीत की एकाची वरची मर्यादा व दुसऱ्याची खालची मर्यादा साधारणतः एकमेकांस भिडावी. दहाचे द्वादशमूळ सुमारे १.२१ असल्याने दहा टक्क्यांच्या विचलनास ते गुणोत्तर उत्तम बसते. त्यातून १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ ही बारा मूल्यांची मालिका निष्पन्न होते. ४७० ओहमचा रोधक दहा टक्के विचलनाने ४२३ ते ५१७ यांत कोठेही असू शकतो, व ५६० चा ५०४ ते ६१६ यांत. पाचशे ओहमचा प्रत्यक्ष रोधक हा अशा रीतीने ‘४७०’ या नावाखालीच विकला जात असे. त्यास स्वतंत्र नावाची गरज नव्हती.

१९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या समितीची बैठक स्टॉकहोम येथे भरली, तेव्हा हा प्रश्न जागतिक पातळीवर आला. तत्त्वतः दशममूळाची मालिका घेणे इष्ट ठरले असते, कारण इतर तांत्रिक क्षेत्रांत तीच मान्य होत होती. परंतु काही देशांत द्वादशमूळाची मालिका व्यापारात रूढ झाली असल्याने तीच स्वीकारण्यात आली व १९५२ मध्ये प्रमाणक म्हणून प्रसिद्ध झाली. तीही शुद्ध गणिती नाही. गणिताने २६, ३२, ३८, ४६ व ८३ यावयास हवे तेथे २७, ३३, ३९, ४७ व ८२ कायम आहेत. पुढे सूक्ष्म विचलनाच्या मालिका आल्या. पाच टक्क्यांच्या मालिकेत ५१० व एक टक्क्याच्या मालिकेत ४९९ आहे. पाचशे मात्र त्यांतही नाही. आपल्या विद्यार्थ्यास दुकानात जे आढळले त्याचे मूळ निसर्गनियमात नसून एका व्यापारी वहिवाटीस मिळालेल्या मान्यतेत आहे.

५. ‘योग्य’ मूल्य म्हणजे काय?

आता मूळ उदाहरण पुन्हा हाती घेऊ. ४७० ओहमने प्रवाह २१.३ मिलिअँपिअर होतो, ५६० ने १७.९. दिव्याची मर्यादा २० असेल तर वरचे मूल्य, म्हणजे ५६०, घेणे शहाणपणाचे. प्रकाशातील एवढा फरक डोळ्यास जाणवतही नाही. रोधकात खर्च होणारी शक्ती ०.१८ वॅट असल्याने पाव वॅटचा रोधक चालेल, अर्ध्या वॅटचा अधिक सुखाने चालेल. डायोडवरील विभवांतर २ ऐवजी १.८ किंवा २.२ निघाले, तरी प्रवाह १८.२ व १७.५ यांच्या दरम्यानच राहतो. नीरम जड असल्याने गलबत डळमळत नाही. परंतु बारांपैकी दहा व्होल्ट, म्हणजे घेतलेल्या ऊर्जेचे सहापैकी पाच भाग, केवळ या स्थैर्यासाठी जळतात.

उलट टोक पाहावयाचे तर ३.३ व्होल्टांवर ३.१ व्होल्टांचा निळा दिवा लावून पाहावा. सूत्र १० ओहम सांगते. पण दिवा ३.० व्होल्टांचा निघाल्यास प्रवाह ३० मिलिअँपिअर, आणि ३.२ चा निघाल्यास १० होईल. सूत्र तेच, भागाकार तितकाच बिनचूक, आणि उत्तर निरुपयोगी. या दोन टोकांमधील मध्यममार्ग गणेशोत्सवाच्या आराशीत सर्रास दिसतो. १२ व्होल्टांच्या एलईडी-पट्टीत तीन-तीन दिव्यांचे गट असतात व प्रत्येक गटास एक रोधक असतो. पांढऱ्या दिव्यांचे ९.३ व्होल्ट वजा जाता २.७ उरतात, गणिताने १३५ ओहम, मालिकेप्रमाणे १५०, आणि प्रवाह १८ मिलिअँपिअर. प्रज्योत-दीपांच्या जोडीची जुनी युक्तीच ही. तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा दिव्यांत पोहोचते. परंतु हीच पट्टी मोटारीत लावली व तेथील विभवांतर १४ व्होल्ट झाले तर प्रवाह १८ वरून ३१ वर जातो. तेवढ्याच वाढीने एकट्या तांबड्या दिव्याचा प्रवाह १८ वरून २१ च होतो. काटकसर आणि स्थैर्य यांपैकी एक वाढविले की दुसरे घटते, हा व्यवहार एअर्टनबाईंच्या काळापासून बदललेला नाही.

शेवटी आणखी एका वारशाचा उल्लेख अवश्य आहे. उदाहरणातील २० मिलिअँपिअर हा अंकही निसर्गदत्त नव्हे. प्रारंभीचे दिवे मंद असल्याने त्यांस एवढा प्रवाह द्यावा लागे. आजचे निदर्शक दिवे १ ते २ मिलिअँपिअरवरही स्पष्ट दिसतात. तरी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे जुनाच अंक सांगत राहतात. दोन मिलिअँपिअर घेतल्यास उत्तर ५,००० ओहम येते, आणि दुकानदार पुन्हा ४,७०० किंवा ५,६०० चा रोधक पुढे करतो.

तात्पर्य, रोधकाचे योग्य मूल्य हे एका भागाकाराचे उत्तर नसून एका निर्णयाचे नाव आहे. पुरवठ्यातील चढउतार, दिव्यादिव्यांतील फरक, ऊर्जेचा अपव्यय आणि बाजारातील मालिका यांचा विचार करून तो निर्णय घ्यावा लागतो. विद्यार्थ्याचे ५०० हे उत्तर बरोबर आहे, आणि दुकानदाराचा ५६० चा रोधकही बरोबर आहे. दोहोंमध्ये जे साठ ओहमांचे अंतर आहे, ते आपल्या अध्यापनात आपण बहुधा वगळतो. परीक्षकाने ‘५६०’ हे उत्तर चूक ठरविण्यापूर्वी या अंतराचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढीच विनंती.